पकड

डॉक्टरीणबाईंनी यंत्र हातात दिलं.
लोखंडी मूठ, वर घड्याळासारखी तबकडी.
"गट्टी हिडीरी," म्हणाल्या,
मग माझं तोंड बघून मराठीत,
"घट्ट दाबा काका, सगळा जोर लावा."
लावला.
काटा बाविसापर्यंत चढला
आणि तिथंच थरथरत उभा राहिला,
पाहुण्यांच्या घरात कुठं बसावं कळेना तसा.

आक्का सोबतीला आलेली, यळ्ळूरहून पहिल्या बसनं.
माझ्याहून चार वर्षांनी मोठी, एकसष्ट सरलेली.
"तुम्हीपण दाबा की आजी, सहज."
तिनं पिशवी डाव्या हातात घेतली,
पदराला तळवा पुसला,
एकतीस.
डॉक्टरीणबाईंनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.
"परत एकदा."
बत्तीस.

"लहानपणी काय करत होता तुम्ही?"

मी काय करत होतो, ते मला विचारलं नव्हतं.
तरी सांगतो.
माझ्यासाठी तालमीचं दार उघडं होतं.
भरमाण्णा वस्ताद स्वतः घरी आलेले,
"सातेरी नाव ठेवलंय पोराचं, मातीच्या देवीचं.
माती लागू दे की अंगाला."
पंधरा दिवस लागली.
कानात, पापण्यांत, दातांखाली.
सोळाव्या दिवशी मी तालमीमागच्या गोठ्यात
गणपूच्या कॅरमवर बसलो, तो पुढची चार वर्षं.
घरी जाताना केस भिजवायचे,
कोपरांना मूठभर माती चोळायची.
आबा समाधानानं बघायचे. दूध एक पेला जास्त मिळायचं.

ती माती कुठून यायची,
हे मी चोळताना कधी मनात आणलं नाही.

नागपंचमीआधी हौद्यात नवी माती पडायची,
गडाच्या पायथ्याची, तांबडी, चाळून घेतलेली.
मग ताक, लिंबू, हळद, घाणीवरचं तेल.
प्रत्येक पोराच्या वाट्याला अकरा खेपा, वस्तादांचा नियम.
आक्का उंबऱ्यापर्यंत यायची.
आत बायकामाणसांनी पाय टाकायचा नाही,
म्हणून बुट्टी बाहेरूनच आत उपडी करायची
आणि मोजायची: सात. आठ.
चौथीतून शाळा सुटलेली,
अकरापर्यंत मोजायला तेवढी पुरते.

"चांगलं होतं तुमचं लहानपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"कोवळ्या वयात अंग जे कमावतं,
ते म्हातारपणी कामाला येतं."
आक्का हसली, पुढचा पडलेला दात दाखवत.
"तरव्याचं असतंय बाई. तरवाच बारीक निघाला
की लावणीला किती खत घालशीला?
पण चांगलं कसलं?
ह्यो तालमीत जात न्हवता, म्हाईत हुतं मला.
वस्तादांनी नाव काढलं असतं, आबांनी पाठ फोडली असती.
म्हणून ह्येच्या अकरा खेपा मीच टाकूलालते.
धा वर्षांची हुते मी पैल्या सालाला."
आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता,
"चार सालं."

चव्वेचाळीस.
मी मनात गुणाकार केला. तेवढा मला येतो,
मी पदवीपर्यंत शिकलो.

डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला,
अजून उशीर झालेला नाही, असं म्हणाल्या,
सकाळ संध्याकाळ, रोज, न चुकता.
त्यांचा आवाज असा की विश्वास ठेवावासा वाटला.

परतीची बस भरलेली.
पाटी कन्नडमध्ये, भांडण मराठीत, तिकीट दोन्हीत.
वडगावच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला
आणि आक्कानं एका हातानं वरची दांडी,
दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं,
तेच कोपर.
दुखलं. मी बोललो नाही.

माझा मोकळा हात खिशात होता.
चेंडू दाबला, सोडला.
एक.
अजून दहा,
आणि हे फक्त पहिलं साल.